रविवारची हजेरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना रविवारी साडेनऊला सुरू होते. नऊला पहिली घंटा, सव्वानऊला दुसरी. मी पेटीवर बसते, त्यामुळे बाकी सगळ्यांना पाळकसाहेब समोर दिसतात आणि मला मंडळी. पुढच्या सतरंजीवर म्हाताऱ्या बाया, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांच्या मागे शब्बाथ शाळेची पोरे, उजवीकडे बाकांवर पुरुष. दाराजवळच्या शेवटच्या दोन बाकांवर जी माणसे बसतात, ती पहिले गीत संपल्यावर येतात आणि आशीर्वादासाठी सगळे उभे राहिले की निघून जातात. नव्या माणसाला वाटते, यांना घाई असेल. घाई नसते. त्यांना कुणी पाहू नये, एवढेच हवे असते.

त्यांतला एक जण सरकारी कचेरीत कारकून आहे. एकीने राखीव जागेवर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली होती. एका जोडप्याचा मुलगा वैद्यकीय प्रवेशाची तयारी करतो आहे. कागदावर हे सगळे हिंदू महार किंवा हिंदू मांग आहेत. घरी रात्री प्रार्थना करतात, आजारपणात पाळकसाहेबांना बोलावतात, नाताळला करंज्या करतात. मंडळीच्या वहीत मात्र त्यांची नावे नाहीत. गाव अहिल्यानगर जिल्ह्यातले, तालुक्याचे, एवढेच सांगते. नाव लिहिले तर ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांच्याच घरी कुणीतरी अर्ज घेऊन पोचेल.

मागच्या वर्षी उपासना संपल्यावर एक आई पाळकसाहेबांपाशी थांबली. मुलगा अकरावीत, पण अजून बाप्तिस्मा झालेला नाही. ती म्हणाली, “साहेब, पाणी द्या, पण वहीत नाव घालू नका.” पाळकसाहेब काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “बाई, वहीत नाव न घालता मी बाप्तिस्मा देऊ शकत नाही.” ती मुलाला घेऊन निघून गेली. जाताना मला म्हणाली, “जातीच्या दाखल्याची पडताळणी होऊ द्या, कॉलेज होऊ द्या, नोकरी लागू द्या. मग बघू.” म्हणजे अजून दहा वर्षे.

त्या आईला दहा वर्षे थांबायला लावणारी ओळ कायद्यात आहे. ती ओळ काढून टाकली पाहिजे, आणि तसे मागायची सुरुवात आमच्यासारख्या छोट्या गावांतल्या रविवारच्या उपासनेत झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ती ओळ संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी तो आदेश काढला. त्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जात नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, १९९० साली बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले ते आजपर्यंत. ही कल्पना स्वतंत्र भारताची नवी नव्हे. १९३६ साली इंग्रज सरकारने जी यादी काढली, तिच्यातूनही हिंदी ख्रिस्त्यांना वगळले होते.

ज्यांनी कधी जातीचा दाखला काढला आहे त्यांना १० ऑगस्ट १९५० ही तारीख वेगळी सांगायला नको. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुन्या हजेरीपटाचे पान. आमच्या लोकांची अडचण तिथूनच सुरू होते. आजोबा शिकले असतील तर मिशनच्या शाळेत, कारण दुसरी शाळा त्यांना वर्गात बसू देत नव्हती. आणि मिशनच्या शाळेच्या पटावर जातीच्या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द असायचा: ख्रिस्ती. ज्या शाळेने आजोबांना माणूस म्हणून बाकावर बसवले, त्याच शाळेचा कागद नातवाच्या आड येतो.

आमच्या घरात या कागदाने दोन फांद्या केल्या. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी आम्हा भावंडांच्या दाखल्यावर धर्म ख्रिस्ती असा स्पष्ट लिहवला. त्यांच्या धाकट्या भावाने मुलांच्या दाखल्यावर हिंदू महार लिहवले. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते आणि दोघांनी याविषयी कधी वाद घातला नाही. चुलतभाऊ पुढे शासकीय सेवेत चांगल्या पदावर गेला. तो चर्चच्या दारात कधी आला नाही, कारण कुणी फोटो काढला तर? काकू वारल्या तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे आमच्या कबरस्तानात त्यांना माती दिली. चुलतभाऊ फाटकाबाहेर, गाडीला टेकून उभा होता. पाळकसाहेबांची प्रार्थना त्याला तिथून ऐकू आली असेल का, हे मी त्याला आजवर विचारू शकले नाही. आईच्या कबरीवर मूठभर माती टाकायला तो संध्याकाळी अंधार पडल्यावर एकटा आला.

त्याने खोटेपणा केला असे म्हणणारे आमच्या मंडळीतही आहेत. मला खोटे आवडत नाही. शाळेत तीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून शिकवले आहे. पण एका बाजूला आईचा देव आणि दुसऱ्या बाजूला मुलांचे शिक्षण ठेवून यातले एक निवड असे सांगणारा नियम जिथे आहे, तिथे माझा राग आधी नियमावर जातो, माणसावर नंतर.

आता या नियमाची पकड उपासनेच्या बाकापर्यंत आली आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका महिलेच्या खटल्याचा निकाल दिला. तिचा बाप्तिस्मा झालेला होता, तिला कारकुनाच्या पदासाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता आणि आपण हिंदू आहोत असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. तिच्याविरुद्ध जे धरले गेले त्यात ती नियमितपणे चर्चला जाते, हेही होते. विश्वास नसताना केवळ आरक्षणासाठी धर्माचा दावा करणे ही संविधानाशी केलेली प्रतारणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. आहे तो कायदा वाचून न्यायाधीशांनी निकाल दिला, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण त्या निकालानंतरच्या रविवारी मी पेटीचा भाता धरला आणि समोर पाहिले, तर शेवटचे दोन्ही बाक रिकामे होते. महिनाभर रिकामेच राहिले.

दर आठवड्याला देवापुढे हजर होणे हा आमच्या धर्माचा कणा आहे. घरी बसून ख्रिस्ती राहता येते असे म्हणणारे म्हणोत. आमच्यासारख्या गावात मंडळी म्हणजे रविवारची ती दोन तासांची बैठक. कुणाचे सिझर झाले, कुणाचा ऊस तोडणीअभावी वाळतो आहे, कोणाचे पोर पुण्याला कंपनीत लागले, हे सगळे तिथे कळते. सूचना वाचतात तेव्हा आजाऱ्यांची नावे येतात आणि दुपारी त्या घरी कोणीतरी डबा घेऊन जाते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटून घेणे. हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची कणसे, कोंबडी, अंडी, भोपळा आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि भूमिहीन बाईही पन्नास रुपयांची बोली लावून मेथीची जुडी घेते. माणूस या बैठकीतून बाहेर राहिला की तो आमच्या दुःखातून आणि आनंदातूनही बाहेर राहतो. म्हणून चर्चची हजेरी जेव्हा पुरावा ठरते, तेव्हा ज्याला शेजार म्हणतात तेच धोक्याचे होऊन बसते.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या हे ज्याला माहीत आहे, त्याला या नियमातली विसंगती लगेच दिसेल. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे घातले, आणि दोनच वर्षांनी तिथे मंडळी स्थापन झाली. सुरुवातीला मोजकी माणसे होती. खेड्यापाड्यांत मंडळ्या वाढल्या त्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि त्यानंतर, आणि त्या वाढल्या प्रामुख्याने महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत. एकेक वस्तीच्या वस्ती आली. राहायला मात्र सगळे तिथेच राहिले. तोच वाडा, तीच गावाबाहेरची जागा, पाटलाच्या दारातली तीच वेठ. विहीर बाटेल म्हणणाऱ्याने बाप्तिस्म्याचा दाखला पाहून पाणी दिल्याचे मी एकाही म्हाताऱ्या माणसाकडून ऐकलेले नाही. माझी आजी सांगायची, तिला गावात शेवटपर्यंत ‘किरिस्तावाची म्हारीण’ म्हणत. दोन शब्दांतला कोणताही एक त्यांनी कधी गाळला नाही. सरकारने मात्र दुसरा शब्द गाळला आणि तिला सांगितले की आता तू यादीत नाहीस.

‘जात नाही ती जात’ असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. मग बाप्तिस्म्याच्या ओंजळभर पाण्याने ती जाते, हे फक्त कायद्यालाच कसे खरे वाटले?

मद्रासच्या एका खटल्याची मला वारंवार आठवण होते. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा एक माणूस. जातीने आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. त्याच रस्त्यावरच्या हिंदू चांभारांना सरकारी योजनेतून टपऱ्या मिळाल्या, याला मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले की धर्म बदलल्यावर जात चालू राहिली एवढे दाखवून भागत नाही, त्या जातीमुळे भोगावे लागणारे दुःख नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेने टिकून आहे याचा पुरावा हवा, आणि तो पुरेसा आलेला नाही. तोच फुटपाथ, तीच आरी, तेच ऊन. पुरावा म्हणून त्याने आणखी काय आणायचे होते?

याच्या उलट बाजूचा निकालही आहे. केरळमधल्या एका माणसाचे आजोबा ख्रिस्ती झाले होते. नातू पुन्हा हिंदू झाला, त्याच्या मूळ समाजाने त्याला स्वीकारले, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अनुसूचित जातीचा दाखला मान्य केला. मला त्या माणसाविषयी आनंदच आहे. पण तिसऱ्या पिढीत परत गेल्यावर जर जात मिळत असेल, तर मधल्या दोन पिढ्या ती कुठेतरी शाबूत होती हे उघड आहे. ती नष्ट झाली असती तर परत कशी मिळाली असती?

आदिवासींच्या बाबतीत असा पेच नाही. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे मावची बांधवांच्या मोठमोठ्या मंडळ्या आहेत. मी तिथे एका सभेला गेले होते. उपासनेत शिक्षक होते, ग्रामसेवक होते, आणि सगळे पुढच्या बाकांवर मोकळेपणाने बसलेले. दाराकडे कुणाचे लक्ष नव्हते. मला रडू आले, आणि शेजारच्या बाईला वाटले की पाळकांच्या संदेशामुळे.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मी नीट ऐकले आहे. पहिला आक्षेप असा, की तुमच्या धर्मात जात नाही असे तुम्हीच सांगता, मग जातीची सवलत कशाला मागता? शास्त्रात जात नाही हे खरे. पण शीख आणि बौद्ध धर्मांतही नाही, आणि तरीही १९५६ आणि १९९० साली देशाने त्यांचे म्हणणे ऐकले. धर्म काय शिकवतो याची सवलत मिळत नसते, समाज माणसाला कसा वागवतो याची मिळते. आणि खरे सांगायचे तर आमच्या मंडळ्यांत जात आहे. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न ‘मूळचे कोण?’ हाच असतो. महारांतून आलेली घरे मांगांतून आलेल्या घरांत अजून सहजासहजी मुलगी देत नाहीत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत आळीप्रमाणे मते पडतात. हे आमचे पाप आहे आणि ते आम्हीच धुतले पाहिजे. पण ज्याला चर्चबाहेरही जात भोगावी लागते आणि चर्चमध्येही, त्याला जात नाही असे सांगणे म्हणजे त्याचे दुःख दोन्ही दारांवर नाकारणे आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो, कारण तो आमच्याच भावकीतून येतो. बौद्ध आणि मातंग समाजातले मित्र म्हणतात, महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा, त्यातही वाटेकरी आले तर आमच्या मुलांचे काय? ही भीती खरी आहे आणि तिला ‘मत्सर’ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. माझे म्हणणे एवढेच, की २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सगळे ख्रिस्ती मिळून १ टक्क्याहून कमी होते, आणि त्यांतही वसई-मुंबईचे कॅथलिक बरेच. आमच्यासारखे जे उरतात त्यांतले अनेक आजच त्या १३ टक्क्यांत आहेत, नाव लपवून. ते आले तर नवी गर्दी होईल असे नाही, आधीच रांगेत असलेला माणूस तोंड वर करून उभा राहील. तरीही वाटा अपुरा पडला तर लोकसंख्येच्या हिशेबाने वाटाच वाढवून मागावा, आणि ती मागणी आपण एकत्र करावी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला. त्या लोकांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे त्यांनी हेच ऐकले, की धर्म बदललात, आता कसली जात. ते दुःख ज्यांनी सोसले त्यांच्याइतके आमचे दुःख कोण ओळखणार?

ख्रिस्त्यांना इतर मागासवर्गात सवलत आहेच, असेही सांगतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या वर्गात धरतात हे खरे. पण तिथे सधन, शेतीवाल्या समाजांशी स्पर्धा आहे, आणि लोकसभा-विधानसभेच्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा तिथे नाहीत. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही. मांग म्हणून शिवी खाल्ली, मार खाल्ला, आणि ठाण्यात गेल्यावर ‘तुम्ही तर ख्रिश्चन’ असे उत्तर मिळाले, तर त्या माणसाने कुठे जायचे?

अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठी केंद्राने नेमलेल्या रंगनाथ मिश्र आयोगाने मे २००७ मध्ये अहवाल दिला. तिसरा परिच्छेद पूर्ण काढून टाकावा आणि जमातींप्रमाणे जातींच्या यादीचाही धर्माशी संबंध ठेवू नये, अशी त्यांची शिफारस होती. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी या मुद्द्यावर विरोधी मत नोंदवले, हेही सांगितले पाहिजे. या अटीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला गेला, मुदत दोन वर्षांची होती, ती वाढवावी लागली. याचिका दाखल झाली त्या वर्षी जन्मलेली मुले आज नोकरीचे अर्ज भरत आहेत.

आणि आम्ही मंडळीवाले? राष्ट्रीय पातळीवरची ख्रिस्ती मंडळे १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस म्हणून पाळतात. आमच्या गावात तो मी एकदाही पाळलेला पाहिला नाही. आम्ही पावसासाठी प्रार्थना करतो, परीक्षांसाठी करतो, राष्ट्रपती-पंतप्रधानांसाठी दर रविवारी करतो. शेवटच्या बाकावरच्या माणसासाठी नाव न घेताही करत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोललेले चालणार नाही. या मूकपणाला आम्ही दया समजतो, त्यांना सांभाळून घेतो आहोत असे वाटते. मला वाटते आम्ही स्वतःला सांभाळतो आहोत.

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावेत अशी त्यांची कल्पना होती. पाण्याबाहेर राहिलेल्यालाही बसायला जागा हवी, हे त्यांना तेव्हा सुचले. आज आमच्या दाराजवळ तसेच शिष्य बसले आहेत, फक्त त्यांना पाण्याबाहेर ठेवणारे कारण सरकारी कागदावर छापलेले आहे.

मी पंचकमिटीला लेखी दिले आहे. १० ऑगस्टच्या जवळच्या रविवारी, शास्त्रपाठ झाल्यावर, तिसरा परिच्छेद मराठीत मोठ्याने वाचावा. त्यावर संदेश द्यावा. कुणाचेही नाव न घेता, कुणाला उभे न करता, या नियमाने ज्यांना मंडळीबाहेर ठेवले त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. मग मंडळीच्या ठरावाची प्रत आयोगाला आणि आमच्या खासदारांना पाठवावी, खाली सह्या फक्त आमच्यासारख्यांच्या, ज्यांना गमावण्यासारखे काही नाही. सभेच्या दिवशी गावातल्या बौद्ध विहाराच्या मंडळींनाही बोलवावे, ही माझी विनंती त्यातच आहे. मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली, म्हणाले उगाच लक्ष वेधले जाईल. पाळकसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला आहे.

ती आई गेल्या रविवारी पुन्हा आली होती. मुलगा नव्हता बरोबर. क्लास होता म्हणाली. आशीर्वादाआधी उठली, तेव्हा मी शेवटच्या गीताचे एक कडवे जास्त वाजवले, म्हणजे दाराचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये.